यंत्र तेच का?

लिंक्सिसचा एनएसएलयू२ हा छोटा डबा २००४ साली बाजारात आला. काम एकच: यूएसबी डिस्क घरच्या नेटवर्कला जोडून देणं. २६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ८ एमबी फ्लॅश. पंखा नाही, पडदा नाही. त्यात मी डेबियन लिनक्स घातलं. रिसेटचं बटण दाबून धरून डबा सुरू करायचा, दिवा लाल झाला की बोट काढायचं. मग दिवा लाल-हिरवा लुकलुकायला लागतो, म्हणजे डबा नवं घ्यायला तयार. इन्स्टॉलर लॅपटॉपवरून एसएसएचने चालवायचा. एवढ्याशा रॅममध्ये त्याला कित्येक तास लागले.

ते संपलं, डबा पुन्हा सुरू झाला, आणि लॅपटॉप जोडायलाच तयार होईना. या पत्त्यावर आता दुसरंच कोणी आहे, असा इशारा, कारण एसएसएचची किल्ली बदलली होती. राउटरला काही फरक पडला नव्हता. कारखान्यात लिहिलेला मॅक क्रमांक तोच, म्हणून यंत्र तेच. पुढे ती डिस्क मी तशाच दुसऱ्या डब्याला लावली (त्याच्याही फ्लॅशमध्ये डेबियनची कर्नल होती). आधी डिस्कवरची एक फाइल पुसावी लागली, कारण जुन्या डब्याचा क्रमांक तिच्यात नोंदला गेला होता. आता साक्षी फिरल्या. राउटरच्या लेखी हा नवा. लॅपटॉपने मात्र डिस्कवरची किल्ली ओळखली आणि निमूट आत घेतलं.

यंत्र तेच का, हा प्रश्न जुनाच आहे. मी औरंगाबादच्या नागसेनवनात, बाबासाहेबांनी १९५० साली काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलो. दोन्ही नावं मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथातली. भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो: रथातून आलास ना? मग चाक म्हणजे रथ का? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. माझ्या डब्यातही कर्नल, डिस्क, क्रमांक, कशावरच बोट ठेवून 'हाच तो' म्हणता येत नाही. पण नागसेन तिथे थांबत नाही, म्हणून तो मला मोठा वाटतो. त्याचाच दुसरा दाखला: मालकाने लावलेली कोय वेगळी, मी तोडलेले आंबे वेगळे, असं म्हणून आंबाचोर सुटत नाही. एकातून दुसरं आलं, तशी जबाबदारीही चालत आली.

हा प्रश्न माझ्या घरचाच आहे. आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देह तोच, गाव तेच. गावाने जन्म पाहिला आणि माणूस तोच ठरवला. आजोबा सांगत, आता मी तो नाही. दोन्ही साक्षींना मी सारखं वजन देत नाही. मॅक क्रमांक दुसऱ्याने लिहिलेला असतो. एसएसएचची किल्ली यंत्र आपली आपण तयार करतं. मी किल्लीची साक्ष मानतो.

सावकाराचं जुनं कर्ज आजोबांनी दीक्षेनंतर पै न पै फेडलं. येसकरपाळी, म्हणजे जन्मावरून गळ्यात पडलेली गावची चाकरी, मात्र पुन्हा केली नाही.