सराव आणि सदसद्विवेक

चुकण्याची मुभा देणारी शाळा ही मानवाची एक थोर निर्मिती होय. एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने १९२९ साली जमिनीवरच राहणारे सरावाचे विमान तयार केले. त्यात शिकाऊ वैमानिक कितीही वेळा 'कोसळला', तरी कुणाचा प्राण जात नसे. तेव्हा आभासी सरावाला सरसकट नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही.

आता हा सराव जगभर पसरलेल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला आहे. २०१८ साली वॉलमार्टने आपल्या अमेरिकेतील दुकानांत, डोळ्यांवर चढवून आभासी प्रसंग अनुभवण्याचे १७,००० संच देण्याचे जाहीर केले. २०१९ साली टेलस्पिन या अमेरिकन कंपनीचा 'बॅरी' नावाचा आभासी कर्मचारी गाजला. शिकाऊ अधिकाऱ्याने त्याला नोकरीवरून काढायचे. शब्द चुकले तर बॅरी चिडतो, रडतो. धडा पुन्हा सुरू केला की तो पूर्ववत समोर बसलेला असतो.

येथे आमचे मन अडखळते. खरे विमान कोसळते तेव्हा वैमानिकही त्यात असतो. नोकरी जाते ती मात्र केवळ समोरच्याची.

गुरुदीक्षेपूर्वी सेमिनरीत आम्हीही असा सराव केला आहे. प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीसाठी प्राध्यापक पश्चात्तापी होऊन समोर बसत आणि आम्ही उपदेश करीत असू. आमची चूक झाली की वर्ग हसे. पुढे पहिला खरा पश्चात्तापी आला, तेव्हा शिकलेले शब्द उपयोगी पडले, हे कबूल केले पाहिजे. पण त्याच्या मौनापुढे आमचा जीव जसा कातर झाला, तसा वर्गात कधीच झाला नव्हता.

सरावाने वाणी सौम्य होते, हेही थोडे नव्हे. अपमानित होऊन घरी जाण्यापेक्षा सन्मानाने जाणे बरे. परंतु 'कसे काढावे' हे शिकताना 'काढावे का' हा प्रश्न सुटून जाण्याचे भय आहे. बॅरीला घरभाडे नाही, आजारी आई नाही, शाळेत जाणारी मुले नाहीत.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले आज अधिकारपदांवर आहेत. त्यांनी सराव अवश्य करावा. मात्र ज्याला खरोखर काढावे लागले, त्याच्या घरी महिन्याभराने विचारपूस करावयास जावे. दार उघडणाऱ्याच्या नजरेस नजर देता आली, तर आपण काही शिकलो असे समजावे.