भिंतींना वंदन

निजामपुऱ्याहून मी याकूतपुऱ्यात मौलाबक्षांचे घर पाहावयास गेलो. चारचौघांच्या घरांसारखेच ते घर. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये निघालेल्या गायनशाळेचे ते आद्य गुरू. १९१० मध्ये आपले संगीत अमेरिकेस नेणारे त्यांचे नातू इनायतखान याच घरात वाढले.

विटाचुन्यास हात जोडणे हा भाबडेपणा नव्हे काय? खरेदीखताने भिंतींची मालकी फिरते. स्मृतीची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. परंतु देवळातला पाषाणही प्राणप्रतिष्ठेनेच पूज्य होतो, आणि नित्यपूजा दीर्घकाळ खंडली तर पुनःप्रतिष्ठा करावी लागते. या वास्तूची प्रतिष्ठा रियाझाने झाली. तिची नित्यपूजा म्हणजे श्रवण. ते ज्याच्या घरी घडत नाही, त्याचे वंदन भिंतीपाशीच थांबते. परतताना मला माझा धूळ खात पडलेला तंबोरा आठवला.