शिकाऊ हात

दिवाळीच्या दिवसांत एखाद्या घरी चकली तेलात विरघळते, करंजीचे तोंड उकलते आणि सारण कढईभर होते. नवी सून असो की नुकती हाताशी आलेली मुलगी, पहिल्या घाण्याला असे व्हायचेच. नुकसान होते ते पिठाचे आणि तेलाचे, आणि मोडक्या चकल्या संपवायला घरातली मुले टपलेलीच असतात. सुताराचा पोऱ्या फळी वाया घालवतो, शिंप्याचा पोऱ्या कापड. शिकणाऱ्याला चुकायचा हक्क आहे, असे आपण मोठ्या उदारपणे म्हणतो ते अशाच वेळी. पण ज्या विद्येत फळीच्या जागी माणसाचा हात असतो, तिथे हा हक्क कोणी कोणाला दिला?

तपासणीसाठी शिरेतून रक्त काढणे ही अशीच एक विद्या आहे. मोठी शस्त्रक्रिया नव्हे. दोन मिनिटांचे काम. पण डॉक्टरचे निम्मे निदान आज त्या दोन मिनिटांवर उभे असते, आणि हे काम कोणालाही जन्मतः येत नाही. कोणाच्या तरी हातावर पहिली सुई जावीच लागते. ती कोणाच्या, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या जुन्या वैद्यांना ही अडचण ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय केवळ सरावाचा आहे. कापायला शिकायचे ते कोहळ्यावर, दुध्यावर, काकडीवर. शिवायला शिकायचे ते कापडावर. पट्टी बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा. आणि शिरेचा वेध घ्यायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. ज्याने शास्त्र सगळे वाचले पण असा सराव केला नाही तो कामाला अयोग्य, असे त्या ग्रंथकाराचे स्पष्ट मत आहे. कमळाच्या देठाची निवड मला फार आवडली. आत पोकळ, बाहेर मऊ, बोटाखाली दबणारा आणि पुन्हा वर येणारा. शिरेची परीक्षा आजही बोटानेच करतात. डोळ्याला दिसते तीच शीर चांगली असे नाही. तर्जनी दाबली असता जी उसळून वर येते ती चांगली, आणि जी ठोके देते तिला हात लावायचा नाही, ती धमनी.

आता कमळाच्या देठाच्या जागी रबराचा हात आला आहे. त्यातल्या नळ्यांतून लाल पाणी खेळते. प्रयोगशाळेचे शिक्षण घेणारी मुले आधी त्याला टोचतात. दंडाला पट्टा कोपराच्या वर तीन-चार बोटे बांधायचा आणि एक मिनिटापलीकडे ठेवायचा नाही, नाही तर रक्त साचून तपासणीचे आकडे बिघडतात. स्पिरिटचा बोळा फिरवून ते वाळू द्यायचे. सुईचे तिरके तोंड वर ठेवून, अंगठ्याने कातडी खाली ताणून, पंधरा ते तीस अंशांच्या कोनात आत जायचे. पट्टा आधी सोडायचा, सुई मग काढायची. रबराच्या हातावर हे सारे छान जमते. रबराचा हात दचकत नाही, घामाघूम होत नाही, उपाशीपोटी आलेला नसतो आणि रक्त पाहून त्याला भोवळ येत नाही. जे खरे शिकायचे ते त्यात नाहीच.

म्हणून पुष्कळ ठिकाणी विद्यार्थी पुढे एकमेकांना टोचतात. मला ही रीत फार न्यायाची वाटते. ज्याने टोचायचे त्याने आधी टोचून घ्यावे! १८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. लस तयार करणाऱ्या हाफकिनने १० जानेवारीला ती पहिल्यांदा टोचून घेतली ती स्वतःला. हे आपण मुलांना शाळेत अभिमानाने सांगतो. पुढचे मात्र सहसा सांगत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या कैद्यांना लस देण्यात आली. जे आपणहून पुढे आले त्यांनाच दिली, जवळजवळ निम्मे आले, आणि लस गुणकारी ठरली. इथपर्यंत सगळे ठीक. तरी मनात येते, गजाआडच्या माणसाचे ‘हो’ किती वजनाचे धरायचे? आणि लस टोचायला आधी तुरुंग सापडतो, मलबार हिल सापडत नाही, हा काय निव्वळ योगायोग?

हा विचार डोक्यात घोळू लागला तो एका सकाळी. पन्हाळ्याहून मी साखर तपासायला आमच्या बाजूच्या एका दवाखान्यात गेले होते. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. तिथे घडले ते कुठेही घडते. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे काम शिकायला होती. रांगेत माझ्यापुढे दोघेजण. एक निवृत्त गृहस्थ, कडक इस्त्रीचे. मुलीच्या हातातला पट्टा पाहताच ते म्हणाले, “शिकाऊ नको हं. साहेब, तुम्ही स्वतः घ्या.” तिथल्या साहेबांनी हसून स्वतः घेतले. त्यांच्यामागे गडाखालच्या वाडीतली एक म्हातारी होती. तिला मात्र कोणी काही विचारले नाही. “आजी, हात करा पुढं,” एवढेच. आणि त्या मुलीला खूण झाली.

साहेब वाईट नव्हते. म्हातारीच्या हाताकडे पाहिले तेव्हा मला त्यांचा हिशेब कळला. जन्मभर उसाच्या मोळ्या आणि पाण्याच्या घागरी उचललेला तो हात. शिरा दोरखंडासारख्या उठून दिसत होत्या. आधीच्या गृहस्थांचा हात गुबगुबीत, शीर कुठे आहे ते चाचपूनही सापडू नये असा. शिकणाऱ्याला सोपा हात द्यावा, अवघड हात जाणत्याने घ्यावा, यात गैर काय? गैर काहीच नाही. आणि तरीही परिणाम असा होतो की कष्ट करणाऱ्याच्या हातावर विद्या शिकली जाते आणि बसून खाणाऱ्याच्या हातावर ती वापरली जाते. कोणाच्याही मनात पाप नसताना हा अन्याय रोज सकाळी सात वाजता रांगेत उभा राहतो.

शीर काही पहिल्या खेपेस मिळाली नाही. म्हातारपणी कातडी सैल होते आणि दिसणारी शीर सुईपुढून बाजूला सरकते. मुलगी कावरीबावरी झाली. म्हातारी म्हणाली, “घे की पुन्यांदा. हात काय पळून चाललाय व्हय?” दुसऱ्या खेपेला रक्त आले. दोनदा चुकले तर तिसऱ्यांदा आपण टोचायचे नाही, जाणत्याला बोलवायचे, असा या कामातला संकेत आहे. तशी वेळ आली नाही. मग माझा नंबर. मुलीने मला विचारले, “बाई, मी घेऊ का? नाहीतर सरांना सांगते.” मी हात पुढे केला. पण परत येताना वाघबीळ ओलांडून गाडी घाट चढेपर्यंत एकच गोष्ट मनात राहिली. तिने मला विचारले, कारण मी तिची बाई. म्हातारीला विचारले असते तर ती ‘घे’ म्हणालीच असती, तिच्या बोलण्यावरून ते उघड होते. मग विचारल्याने काय फरक पडला असता?

माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. न विचारता घेतले ते घेणे झाले. विचारून मिळाले ते तिने दिलेले झाले. आपल्याकडे पूर्वी वैदू गावोगाव तुंबडी लावून रक्त ओढत हिंडत. ‘आपली तुंबडी भरणे’ या वाक्प्रचारातली तुंबडी ती, की भिक्षा मागणाऱ्या फकिराची, हे भाषापंडितांनी ठरवावे. मला दोन्ही चालतील. पन्हाळ्यावर राहणाऱ्याला प्रत्येक गोष्टीला इतिहास जोडायची खोड असते, आणि सुईच्या टोचणीला शिवा काशीदाचे नाव जोडणे शोभायचे नाही. पण १६६० च्या त्या पावसाळी रात्री महाराजांच्या वेषात पालखीत बसताना तो काय देतो आहे हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही आपण त्याला दाता म्हणतो. न सांगता त्याला पालखीत बसवले असते तर आज आपण कोणता शब्द वापरला असता?

गंमत अशी की विचारणे हा या विद्येचा बाहेरून चिकटवलेला शिष्टाचार नाही. तो पहिला धडाच आहे. नळीवर नाव घालण्यापूर्वी ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारायचे नसते. गोंधळलेला माणूस कशालाही मान हलवतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असे म्हणायचे, आणि नाव त्याच्या तोंडून आले की मग लिहायचे, तेही तो समोर असतानाच. चुकून टोचले तर निळा डाग पडतो, आठवड्यात जातो. चुकीचे नाव पडले तर एकाचे औषध दुसऱ्याच्या पोटात जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. नळीचेही तसेच. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे औषध असते. त्याचा अंश साध्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. नळी हलके उलटीपालटी करायची, घुसळली तर रक्तपेशी फुटतात आणि तोच आकडा पुन्हा चढतो. या चुका दुखत नाहीत, आणि म्हणूनच अधिक वाईट.

आता त्या गृहस्थांविषयी. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. स्वतःचा हात, स्वतःचे भय. नाही म्हणायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि तो म्हातारीलाही तितकाच हवा. पण ज्या जाणत्या हाताची त्यांनी मागणी केली तो हात कुठे तयार झाला? कधीकाळी तोही थरथरत असेल आणि कोणीतरी त्याच्यापुढे कोपर उघडे केले असेल. ज्यांना नाही म्हणता येते ते सगळे नाही म्हणाले, तर उरतात ते ज्यांना विचारलेच जात नाही. म्हणून मला वाटते, ज्याचे नाही ऐकले जाते त्याने अधूनमधून हो म्हणावे. अंगात ताप नसेल, साधी वार्षिक तपासणी असेल, शीर बरी असेल, तर म्हणावे, ‘घे बाळ, सावकाश घे.’ शिकणारीही काही कमी पणाला लावत नाही. वापरलेली सुई तिच्याच बोटात गेली तर काविळीपासून एड्सपर्यंतचे भय तिच्या वाट्याला येते. म्हणून सुईला टोपण पुन्हा लावायचे नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून घोकावे लागते.

शाळामास्तरांचेही काही वेगळे नसते. प्रत्येक शिक्षक कोणत्या तरी पहिल्या वर्गावर शिकवायला शिकतो, आणि त्या वर्गातल्या मुलांना कोणी विचारलेले नसते. नव्या शिक्षकाला खेड्यातली दूरची शाळा मिळते, अनुभवी माणूस बदली करून शहराजवळ येतो; हाही रांगेचाच हिशेब.

लहान मुलांचे आणि बेशुद्ध माणसांचे काय, हे मला अजून सुटलेले नाही. त्यांना विचारता येत नाही. तान्ह्या मुलाच्या अंगात रक्तच थोडे, शिरा दोऱ्यासारख्या, आणि कधीतरी कोणीतरी त्यांच्यावरही पहिली सुई धरायलाच हवी. मोठ्यांच्या हातांवर शेकडो वेळा जमल्यावर, जाणत्याच्या नजरेखाली, आईला सांगून ती धरावी, एवढेच म्हणता येते. ती मुलगी आता तिथेच कामाला लागली आहे आणि तिच्या हाताखाली एक मुलगा शिकतो. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा तो रांगेतल्या एकेकाला विचारत होता. एका बाईने नको म्हटले. मुलगी “बरं” म्हणाली आणि तिने स्वतः पट्टा उचलला. तो बाजूला उभा राहून तिच्या बोटांकडे पाहत होता.