सत्य हा कर्जफेडीचा पहिला हप्ता



मदीनेच्या मस्जिदे नबवीत एकदा दोन सहाबांचे आवाज चढले. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांचे काही येणे हजरत इब्ने अबी हदरद (रजि.) यांच्याकडे थकले होते आणि कअब (रजि.) यांनी मस्जिदीतच तगादा लावला होता. बोलाचाली इतकी वाढली की आवाज घरात असलेल्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी गेला. त्यांनी आपल्या खोलीचा पडदा बाजूला सारला, कअब (रजि.) यांना हाक मारली आणि निम्मे येणे सोडून द्यावे अशी हाताने खूण केली. कअब (रजि.) यांनी तत्क्षणी ते मान्य केले. त्यानंतर प्रेषित (स.) दुसऱ्या सहाबांकडे वळले आणि त्यांनी उठून उरलेले देणे चुकते करावे असे फर्मावले. ही घटना सहीह बुखारीत आली आहे.

या छोट्याशा प्रसंगात कर्जाच्या व्यवहाराचा संपूर्ण न्याय सामावला आहे. स्वतःचे येणे मागणाऱ्याला प्रेषितांनी (स.) दोषी धरले नाही. ज्याला सोडणे शक्य होते त्याला सोडण्यास सुचविले. आणि ज्याला सवलत मिळाली त्याला पुन्हा नवा वायदा करण्याची मुभा दिली नाही. परंतु हा न्याय होऊ शकला याचे एक कारण सहज नजरेआड होते. कर्जदार समोर उभा होता. त्याने देणे नाकारले नाही आणि तो लपलाही नाही.

लपण्यापासून खोटेपणापर्यंत

आज आपल्या वस्त्यांतील चित्र कसे आहे? हप्ता थकला की प्रथम फोन बंद होतो. मग नंबर बदलतो. मग नेहमीचा रस्ता बदलतो. ज्या मस्जिदीत घेणेकरी नमाजला येतो, ती मस्जिदही बदलते. आणि शेवटी दारावर थाप पडते तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलाला पुढे करून ‘अब्बा घरी नाहीत’ असे सांगायला लावले जाते. बंधूंनो, कर्ज पैशाचे होते, पण त्याची किंमत त्या मुलाच्या सचोटीने चुकविली. जन्मदात्याच्या सांगण्यावरून तो खोटे बोलायला शिकला.

प्रेषित (स.) नमाजमध्ये पाप आणि कर्जाचा बोजा या दोहोंपासून अल्लाहचा आश्रय मागत असत. कर्जापासून इतक्या वेळा आश्रय का, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की, माणूस कर्जात बुडाला की बोलताना खोटे बोलतो आणि वायदा करून तो मोडतो. हजरत आयशा (रजि.) यांनी ही हदीस कथन केली आहे. विचार करा. येथे चिंता कर्जदाराच्या गरिबीची नाही. गरिबी हा गुन्हा नव्हे. चिंता त्याच्या जिभेची आहे, त्याच्या ईमानची आहे. अडचण ही परीक्षा असते, आणि खोटेपणा त्या परीक्षेचे पापात रूपांतर करतो.

हजरत अबू कतादा (रजि.) यांची एक हकीकत सहीह मुस्लिममध्ये आहे. त्यांचा एक कर्जदार त्यांना पाहून लपत असे. शेवटी तो सापडला तेव्हा त्याने आपण अडचणीत असल्याचे सांगितले. अबू कतादा (रजि.) यांनी त्याला अल्लाहची शपथ घालून विचारले आणि त्याने शपथेवर होकार दिला. तेव्हा अबू कतादा (रजि.) यांनी त्याला प्रेषितांचे (स.) म्हणणे ऐकविले. कयामतच्या दिवसाच्या कष्टांतून सुटका हवी असेल, तर अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यावी किंवा त्याचे देणे सोडून द्यावे, असा त्याचा आशय आहे. जोवर तो मनुष्य लपत होता, तोवर त्याला तगादाच मिळाला. खरे बोलला, तेव्हा करुणेचे दार उघडले. म्हणून म्हणावेसे वाटते की, सत्य हा कर्जफेडीचा पहिला हप्ता आहे आणि तो भरण्यासाठी खिशात एक रुपयाही लागत नाही.

तगाद्याची मर्यादा

येणे मागण्याचा अधिकार इस्लामने मान्य केला आहे. एका माणसाने प्रेषितांकडे (स.) आपल्या उंटाची मागणी अत्यंत कठोर शब्दांत केली. सहाबा त्याच्यावर धावून जाऊ लागले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले, कारण ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे. मग त्याच्या उंटाहून सरस उंट त्याला देवविला आणि उत्तम रीतीने देणे फेडणारा माणूस उत्तम होय, अशी शिकवण दिली. ऐपत असूनही देणे लांबविणाऱ्याच्या वर्तनाला तर हदीसमध्ये थेट जुलूम म्हटले आहे. नवी मोटारसायकल दारात उभी आहे, लग्नाच्या मांडवाला खर्च होत आहे आणि किराणा दुकानदाराची वही मात्र दोन वर्षे तशीच आहे, तर त्याला अडचण म्हणता येणार नाही.

मात्र जो खरोखर अडला आहे, त्याच्यासाठी पवित्र कुरआनने मर्यादा आखून दिली आहे. सूरह अल-बकराच्या 280 व्या आयतीत त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत मुदत देण्याचा आदेश आहे आणि देणे माफ करणे अधिक चांगले, असेही सांगितले आहे. मागण्याचा हक्क म्हणजे बेअब्रू करण्याचा हक्क नव्हे. वसुलीच्या कामावर आपलेही अनेक तरुण आहेत. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, मालकाचे उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी कुणाच्या आईबहिणीसमोर तोंड सोडाल, तर त्याचा हिशेब मालक देणार नाही, तो तुम्हालाच द्यावा लागेल.

देशाचा कायदाही येथे कर्जदाराच्या पाठीशी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली प्रतिनिधींनी सकाळी 8 च्या आधी आणि सायंकाळी 7 नंतर थकीत वसुलीसाठी फोन करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये आणि नातेवाईक वा मित्रांना त्रास देऊ नये. महिलांच्या गटांना दिल्या जाणाऱ्या सूक्ष्म कर्जासाठी हीच वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 6 अशी आहे. या मर्यादा मोडल्या गेल्या, तर आधी त्या बँकेकडे वा संस्थेकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. खाजगी सावकार असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का, हे पाहावे. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. कायद्याचा आधार घेणे हे ईमानच्या विरुद्ध नाही. मात्र तो आधार छळापासून वाचण्यासाठी आहे, देणे बुडविण्यासाठी नव्हे.

फेडीचा मार्ग

प्रथम एका कागदावर आपली सर्व देणी लिहून काढा. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश देणारी आयत ही कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे (अल-बकरा, 282). अल्लाहने ज्या गोष्टीसाठी एवढा विस्तार केला, ती आपण तोंडी ठेवतो आणि नंतर भांडतो. हप्ता चुकणार असे दिसताच, तारीख उलटण्याची वाट न पाहता, स्वतः धनकोकडे जा आणि जेवढे झेपेल तेवढेच कबूल करा. तडजोड झाली तर ती लेखी घ्या, भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपा आणि शेवटी बाकी नसल्याचा दाखला घ्या. जुने कर्ज फेडण्यासाठी मोबाईलवरच्या ॲपचे नवे कर्ज उचलू नका. त्याने खड्डा भरत नाही, फक्त जागा बदलते.

व्याज हराम आहे, याबद्दल दुमत नाही. त्या व्यवहारात शिरलेल्याने तौबा करावी आणि लवकरात लवकर त्यातून बाहेर पडावे. परंतु व्याज हराम म्हणून मुद्दलही बुडविली तरी चालते, असे समजणे ही धर्माची थट्टा आहे. व्याजाचा निषेध करणाऱ्या आयतींतच मुद्दलीवरचा हक्क मान्य केला आहे आणि कुणी जुलूम करू नये व कुणावर जुलूम होऊ नये, असे तत्त्व घालून दिले आहे.

जे दार ठोठावत नाहीत

आपण ज्याचा आवाज मोठा त्याचे देणे आधी फेडतो. पण काही घेणेकरी कधीच दार ठोठावत नाहीत. पत्नीचा महर हे पतीवरचे कर्जच आहे, आणि ती वीस-वीस वर्षे एका शब्दाने तो मागत नाही. वडिलांच्या मिळकतीतला बहिणीचा हिस्सा भावांकडे अडकलेला असतो आणि माहेर तुटेल या भीतीने ती गप्प राहते. मजुराची मजुरी राहून जाते. हे सगळे मुके घेणेकरी आहेत. त्यांच्याकडे वसुली प्रतिनिधी नाही, परंतु कयामतच्या दिवशी त्यांचा दावा अल्लाहसमोर उभा राहील आणि तेथे फेड रुपयांत होणार नाही, पुण्यकर्मांत होईल. शहीदाचे सर्व काही माफ होते, पण कर्ज होत नाही, ही हदीस प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी.

जमाअतची जबाबदारी

एकदा एक जनाजा आणला गेला. मृतावर दोन दीनार कर्ज असल्याचे कळताच प्रेषित (स.) स्वतः नमाज पढविण्यास थांबले. तेव्हा एक सहाबी पुढे झाले आणि त्यांनी ते कर्ज आपल्या शिरावर घेतले. ते सहाबी म्हणजे हेच हजरत अबू कतादा (रजि.). आज आम्ही इमाम जनाजापूर्वी घोषणा करतो की, मय्यतकडे कुणाचे येणे असेल तर वारसांना भेटावे. ही घोषणा आवश्यकच आहे, कारण वारसांत वाटणी होण्याआधी कर्ज फेडले गेले पाहिजे. परंतु ज्याच्या मृत्यूनंतर आपण त्याच्या कर्जाची चौकशी करतो, त्याच्या हयातीत ती का करू नये?

एका सहाबीची फळे नासली आणि ते कर्जात बुडाले. प्रेषितांनी (स.) लोकांना त्यांच्यासाठी सदका देण्यास सांगितले. तरीही रक्कम पुरली नाही, तेव्हा जे जमले आहे तेच घ्यावे, असे धनकोंना सांगितले. जकातच्या आठ हकदारांत कर्जबाजारी माणसाचा उल्लेख सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत स्पष्टपणे आला आहे. रमजानमध्ये आपल्या गल्लीत असा कोण आहे, हे मस्जिद कमिटीने गुप्तपणे जाणून घ्यावे आणि त्याची जकात त्याच्या हाती द्यावी. येथे एक मसला ध्यानी ठेवावा. केवळ येणे माफ करून त्यालाच आपली जकात समजू नये, तशाने जकात अदा होत नाही. हकदाराला जकात प्रत्यक्ष द्यावी. ती त्याची झाली की, त्यातून त्याने आपले देणे फेडले तर हरकत नाही.

बंधू-भगिनींनो, आज रात्री झोपण्यापूर्वी एक फोन करा. ज्याला आपण टाळत आहोत त्यालाच करा. पैसे नसतील तर तसे सांगा, परंतु स्वतःच्या तोंडाने सांगा. आणि ज्याचे येणे आहे, त्याने तो फोन आला तर आवाज खाली ठेवावा.

हे अल्लाह, आम्हाला हलाल कमाईत बरकत दे, लोकांच्या हक्कांच्या ओझ्यासह आम्हाला तुझ्यासमोर उभे करू नकोस, अडलेल्यांची वाट मोकळी कर आणि ज्यांना तू दिले आहेस त्यांची मने मोठी कर. आमीन.