धान्यकोठारांवर उमटलेला इतिहास

कॅनडातल्या क्युबेक शहराने २००८ साली आपला ४००वा वर्धापनदिन साजरा केला. सॅम्युएल द शाम्प्लें या फ्रेंच दर्यावर्द्याने १६०८ मध्ये सेंट लॉरेन्स नदीकाठी वसाहत वसवली, तिथपासून ही वर्षे मोजली जातात. या निमित्ताने रॉबेर लेपाज या नाट्यदिग्दर्शकाने शहराचा इतिहास रात्री उघड्यावर, प्रकाशचित्रांतून मांडला. पडदा म्हणून त्याने किल्लेवजा, देखणे शातो फ्रोंतनाक हॉटेल घेतले नाही. जुन्या बंदरातली काँक्रीटची धान्यकोठारे घेतली. एकमेकांना खेटून उभे असलेले ८१ दंडगोल, लांबी सुमारे ६०० मीटर, उंची ३० मीटर. त्यांवर २७ प्रक्षेपकांनी जुनी रेखाचित्रे, छायाचित्रे, चित्रफिती उमटवल्या. खेळ ४० मिनिटांचा आणि विनामूल्य. लोकांनी तो इतका उचलून धरला की २०१३ पर्यंत दर उन्हाळ्यात तो होत राहिला.

कोठारांची ही निवड मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. राजवाडी थाटाच्या भिंतीवर इतिहास दाखवायला गेले की तो आपसूक राज्यपालांचा आणि सेनापतींचा होऊ लागतो. बंदरातल्या कोठारात माल येतो, चढतो, उतरतो, जहाजाने परदेशी जातो. शहर कशावर जगले, हे ती भिंत स्वतःच सांगते. लेपाजने कालखंडही त्याच दृष्टीने पाडले: जलमार्गांचे शतक, रस्त्यांचे, रेल्वेचे आणि विमानांचे. १७५९ मध्ये फ्रेंचांचा पराभव करून इंग्रजांनी हे शहर घेतले. पाठ्यपुस्तकी इतिहास त्या लढाईपाशी दुभंगतो. माणसे कशी आली, कशी हिंडली, या प्रश्नावर उभारलेल्या इतिहासात मात्र हमालालाही जागा मिळते.

या खेळात निवेदन नव्हते. फक्त संगीत, ध्वनी आणि चित्रे. जिथे भाषा हाच राजकारणातला धगधगता प्रश्न आहे, तिथे हा निर्णय शहाणपणाचा होता. फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारे शेजारी बसून तेच पाहू शकले. पण त्याची एक किंमत मोजावी लागते, आणि माझा आक्षेप तिथेच सुरू होतो. निःशब्द चित्र खूप काही दाखवू शकते. मात्र ४०० हा आकडा कोणाच्या हिशेबाने आला, हे ते विचारू शकत नाही. जाक कार्तिए १५३५ मध्ये इथे पोहोचला तेव्हा स्तादाकोना हे मूलनिवासींचे गाव नांदत होते. वेंडाट लोकांची वेंडाके ही वस्ती आजही शहराला लागूनच आहे. त्यांचा इतिहास १६०८ पासून सुरू होत नाही.

कोणाचा इतिहास कोणी सांगायचा, हा प्रश्न याच लेपाजला दहा वर्षांनी उघडपणे विचारला गेला. २०१८ मध्ये कृष्णवर्णीय गुलामांची गाणी बहुतांशी गोऱ्या कलाकारांकडून सादर करणारा त्याचा ‘स्लाव्ह’ हा प्रयोग निदर्शनांनंतर माँट्रियलच्या जाझ महोत्सवाने रद्द केला. पाठोपाठ, मूलनिवासींच्या इतिहासावरच्या ‘कनाटा’ या नाटकात मूलनिवासी नटच नाहीत, म्हणून मूलनिवासी कलावंतांनी जाहीर पत्र लिहिले. दुसऱ्याची कथा सांगण्याचा कलावंताचा हक्क मी मानतो. तो नाकारला तर नाटक आणि कादंबरी दोन्ही संपतील. परंतु नाटक न पटणारा प्रेक्षक नाट्यगृहाकडे फिरकत नाही. सरकारी पैशाने, शहराच्या नावाने, साऱ्या बंदराला दिसेल असा इतिहास उभा राहतो, तेव्हा ते शहराचे अधिकृत विधान होते. त्याचे निकष अधिक कडक असलेच पाहिजेत.

ते पाळता येतात. बॉस्टनमधला बंकर हिल स्तंभ हे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाचे स्मारक. भोवतालच्या चार्ल्सटाउन वस्तीत खून होत आणि भीतीपोटी कोणी तोंड उघडत नसे. १९९८ मध्ये क्शिश्तोफ वोदिच्को या कलावंताने त्या स्तंभावर मुले गमावलेल्या तिथल्या आयांचे चेहरे आणि आवाज प्रक्षेपित केले. ज्या दगडावर आजवर फक्त वीरांची स्मृती होती, त्यावरून शेजारच्या घरातली आई बोलू लागली. दृश्यवैभवात क्युबेकचा खेळ कितीतरी मोठा होता, पण शहराशी प्रामाणिक राहण्यात मी बॉस्टनच्या या प्रयोगाला वरचे स्थान देईन.

प्रकाशचित्रांतल्या इतिहासाची आणखी एक अडचण कमी बोलली जाते. चौकातल्या पुतळ्याशी वाद घालता येतो; तो दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. प्रक्षेपक बंद झाला की विधानही नाहीसे होते आणि त्याची जबाबदारीही. म्हणून असा उत्सव मांडणाऱ्या नगरसंस्थांकडे दोनच मागण्या आहेत. कोणती वर्षे, कोणाच्या आठवणी घ्यायच्या हे ठरवताना ज्यांचा इतिहास गाळला जाण्याची भीती आहे त्यांना सुरुवातीलाच बैठकीत बसवा. आणि खेळ संपल्यावर त्याची पूर्ण संहिता व चित्रफीत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीला ती तपासता येईल.