वाटसरूचा खोकला

तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमला पालैवननाथाच्या देवळात नायक राजांच्या काळातले विटांचे प्रचंड धान्यकोठार आहे. कावेरीच्या या मुलखात भात आजही पिकतो. लावणीचे हात मात्र अलीकडे बऱ्याचदा बिहार-बंगालचे असतात. टोळी येते, काही आठवडे राहते, पुढच्या गावाला जाते.

त्यांतल्या एखाद्याला खोकला लागला तर? दोन आठवडे खोकला टिकला की थुंकी तपासावी, असा सरकारी दंडक आहे. तपासणी फुकट, औषधही फुकट. पण दवाखान्यात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, तमिळ येत नाही, आणि क्षय निघाला तर औषध निदान सहा महिने. तोवर टोळी कुठे असेल?

1959 साली मद्रासच्या क्षयरोग केंद्राने दाखवून दिले, की रोग्याला आरोग्यधामात न ठेवता घरीच औषध दिले तरी तो जवळपास तितकाच बरा होतो. गरिबांची केवढी सुटका झाली! मात्र त्यात एक गोष्ट गृहीत होती : रोग्याला घर आहे.

मग परक्याचे आपण काय देणे लागतो? ‘त्याच्या गावाने बघावे,’ हे उत्तर अगदीच निर्दय नाही; दवाखान्यातल्या नर्सचे हातही दोनच असतात. पण त्याने लावलेला भात आपण आपला म्हणतो आणि त्याचा खोकला तेवढा बिहारचा ठरवतो, हा हिशेब सरळ नाही.

‘त्याला बरे करा, नाहीतर आपल्याला लागण होईल,’ असेही कुणी म्हणेल. हा युक्तिवाद उपयोगी आहे, पण अपुरा. भाताच्या तुसाने ज्याचा दम कोंडतो, त्याची लागण कुणालाच होत नाही. मग त्याचे देणे फिटले का?

याच भूमीतल्या एका मराठी राजाने या प्रश्नाचे उत्तर दिले होते. कंपनीने 1799 मध्ये राज्यकारभार ताब्यात घेतल्यावर, 1801 साली दुसऱ्या सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून आपल्या घराण्याची छत्रे राखावीत अशी विनंती केली. तिथे कोणत्याही जातीच्या वाटसरूला अन्न मिळे, आणि तो आजारी पडला तर बरा होईपर्यंत वैद्य पाहत असे, असे त्यांनी त्यात सांगितले होते.

अर्थात ते दान होते, हक्क नव्हे. राजाची सत्ता जाताच त्यासाठी विनवणी करावी लागली, यातच दानाची मर्यादा दिसते. पण त्यातली मोजणी आजही शिकण्यासारखी आहे. ‘इथला होईपर्यंत’ नव्हे, ‘बरा होईपर्यंत’.

छत्र एका जागी उभे असे. आजचा मजूर जागा बदलत राहतो. आता रोग्याची नोंद संगणकावर असते, ती त्याच्यामागे पुढच्या जिल्ह्यात जाऊ शकते. प्रश्न एवढाच, की तिथल्या खिडकीवरचा माणूस आधी काय विचारतो : ‘तू कुठला?’ की ‘औषध किती दिवसांचे उरले आहे?’