टेपची समजूत

आमच्या जुन्या गाडीतल्या टेपला फोनवरचं गाणं वाजवायला लावायचं, तर त्याला फसवावं लागतं. कॅसेटच्या आकाराची एक वस्तू मिळते. आत फीत नाहीच. नुसती दातेरी चक्रं फिरतात, म्हणजे टेपला वाटतं कॅसेट चालू आहे. फितीच्या जागी एक छोटं हेड, ते टेपच्या हेडला टेकून गाणं चुंबकानं त्याच्या कानात सांगतं. वायर बाहेर, 3.5 मिलिमीटरची पिन फोनला.

"यंत्राशी खोटं बोलणं पाप का हो?" मी मेकॅनिकला विचारलं.

"साहेब, दीडशे रुपये द्या."

(तत्त्वज्ञानाची आपल्याकडे अशी कदर आहे.)

बरं, गाणं तर खरंच वाजतं! मग टेपचं गेलं काय? असं मी स्वतःला समजावलं होतं. पण परवा मागे आई बसली. वडिलांच्या आवाजातल्या अभंगांची कॅसेट मीच गुंतवून तोडली, हे तिला ठाऊक नाही. नशिबानं भाच्यानं त्याआधी ती फोनमध्ये उतरवून घेतली होती. तीच लावली.

"बघ, ह्यांची कॅसेट अजून कशी ठणठणीत आहे! नीट सांभाळतोस हो."

चक्रं फिरत होती. आरशात तिचे मिटलेले डोळे दिसत होते. मी आवाज थोडा वाढवला.